सोसायटीच्या आग विझवणाऱ्या टीमचा इतिहास लिहायचाय? आधी रिफिलिंगची बिलं शोधा

आमची वाशीतली सिडकोची चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आगीसाठीचा पाण्याचा नळ म्हणजे हायड्रंट नाही, पण आग लागली तर धावणारी आठ-दहा जणांची टीम मात्र आहे आणि तिला वीसएक वर्षं झाली म्हणून सोसायटीच्या वार्षिक सभेत, एजीएममध्ये, कोणीतरी म्हणालं हिचा इतिहास लिहून काढा. नेहमीप्रमाणे ते माझ्याच गळ्यात पडलं. वर्षभर त्यात घालवल्यावर जे कळलं ते इथे लिहितोय, ठाण्या-नवी मुंबईत कोणाला असलं काम अंगावर आलं तर उपयोगी पडेल.

माझी पहिली चूक म्हणजे मी वही घेऊन थेट लोकांकडे गेलो. मीटर रूमच्या आगीनंतर टीम निघाली एवढ्यावर सगळ्यांचं एकमत, पण आग लागली कधी? चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले पाणी भरलं त्याच्या आदल्या दिवाळीत, म्हणजे 26 जुलै 2005 च्या आधी. तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या छे, नंतर, पाण्यात भिजलेल्या वायरी बदलल्याच नव्हत्या म्हणून तर लागली. दोघंही छातीठोकपणे सांगणार, मी मध्ये गप्प. शेवटी जुन्या खजिनदारांच्या घरी माळ्यावर व्हाउचरची फाईल सापडली, त्यात आग विझवायच्या सिलिंडरच्या खरेदीचं बिल मार्च 2006 चं, आणि त्याच्याच मागे इलेक्ट्रिशियनचं वायरिंगचं बिल पिनने लावलेलं. मावशी बरोबर निघाल्या.

तर आधी कागद. मिटिंगचं मिनिट्स बुक बघाच, पण त्यावर फार विसंबू नका, त्यात "सविस्तर चर्चा झाली" याच्यापलीकडे काही नसतं. बिलं जास्त बोलतात. आग विझवायच्या प्रत्येक सिलिंडरवर बनवल्याचं साल असतं, गळ्यात रिफिलिंगचा टॅग असतो, त्याचे फोटो काढून ठेवा कारण पुढच्या वेळी एजन्सीवाला जुना टॅग काढून नवा लावतो आणि जुना गेला तो गेलाच. घोडबंदर रोडसारख्या टॉवरवाल्यांचं काम अजून सोपं, 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यामुळे दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्स असलेल्या एजन्सीचं फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, द्यावं लागतं, ते सगळे ओळीने लावले की अर्धा इतिहास तयार. मधली दोन-तीन वर्षं गायब असतील तर तेही लिहायचं, लपवायचं नाही. त्या वर्षी कमिटीत भांडण चालू होतं का तेही हळूच विचारायचं (बहुतेक असतंच).

अग्निशमन दलाची गाडी आली असेल तर त्यांच्याकडे नोंद असते. माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, कॉपीचे पानाला 2 रुपये, 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. फक्त "आमच्याकडची आग" असं मोघम लिहिलंत तर काही हाती लागणार नाही, तारीख आणि पत्ता नीट द्या. आणि कुठल्या काळाचं आहे ते बघा, नवी मुंबई महापालिका 1 जानेवारी 1992 ला झाली, त्याआधी इथलं सगळं सिडको बघायची, ठाण्याची महापालिका 1 ऑक्टोबर 1982 ची, त्याआधी नगरपालिका. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांजवळ राहत असाल तर एमआयडीसीचं दल वेगळं, तिथेही विचारा.

आता माणसं. कोणालाही "कुठल्या साली" असं विचारू नका. त्यांना त्या जागेवर घेऊन जा आणि मीटर रूमची चावी कोणाकडे होती, मेन स्विच कोणी पाडला, 101 ला फोन कोणी आणि कुठून केला असं विचारा. आमच्याकडे काका घरात बसून पंधरा मिनिटं भाषण देत होते, जिन्याखाली नेल्यावर एकदम थांबले आणि म्हणाले अरे, इथे तर तेव्हा सायकली होत्या, त्या बाहेर काढण्यातच वेळ गेला. ही गोष्ट कुठल्याच कागदात नव्हती. तेव्हाचा वॉचमन गावी गेलाय, त्याला फोन लावा, सगळ्यात आधी तोच धावलेला असतो आणि फोटोत तोच नसतो. बायकांनाही विचारा. आमच्या फोटोत सगळे पुरुष, पण चौथ्या मजल्यावर फ्लॅटचं काम चालू होतं त्याची गेटजवळची वाळू घमेल्यात भरून आणली ती मावशींनी आणि त्यांच्या सुनेने.

चुका गाळू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या एकाने जळत्या मीटरवर बादलीभर पाणी मारलं, मेन अजून चालू होता, शॉक बसला नाही हे नशीब. दुसऱ्याने सिलिंडर उचलला आणि पिन न काढताच हँडल दाबत बसला. सेक्रेटरी म्हणाले हे कशाला, हसं होईल. मी नावं काढली पण गोष्टी ठेवल्या, आणि आता टीममधल्या नव्या पोरांना बाकी काही आठवत नाही, पिन मात्र सगळ्यांना आठवते.

बऱ्याच जणांना सुरुवात 14 एप्रिल 1944 पासून करायची हौस असते. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि स्फोटकं भरलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, 66 फायरमन गेले, म्हणून 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. एक परिच्छेद जरूर लिहा, पण ते नोकरीवरचे जवान होते, आपल्या टीमला त्यांचे वारस करू नका. आपलं नातं जास्त करून नागरी संरक्षणाशी, 1965 आणि 1971 च्या युद्धांतल्या ब्लॅकआउटमध्ये शिट्ट्या मारत फिरणारे वॉर्डन, वाळूच्या लाल बादल्या वगैरे. माझे मामा ठाण्याच्या नौपाड्यात राहायचे, खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवल्याचं ते नेहमी सांगायचे. जुन्या ठाण्यात असे आजी-आजोबा अजून भेटतील, लवकर गाठा. (त्या बादल्यांचा तळ गोल का असतो माहितेय? जमिनीवर ठेवता येत नाही म्हणून कोणी घरी कपडे भिजवायला नेत नाही. काय डोकं आहे!)

शीर्षकात "फायर ब्रिगेड" लिहायचा मोह होईल, आम्हालाही झाला. आपण ब्रिगेड नाही, गाडी येईपर्यंत लाईट-गॅस बंद करणारे, म्हाताऱ्या माणसांना खाली आणणारे आणि गेटसमोरची पार्किंग हटवणारे लोक आहोत, तेच लिहा. शेवटचं काम आमच्याकडे सगळ्यात अवघड गेलं.

लिहून झाल्यावर छापायच्या आधी एकदा सगळ्यांसमोर वाचा. आम्ही 14 एप्रिलला ड्रिल झाल्यावर गच्चीवर वाचलं, पाच दुरुस्त्या निघाल्या. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे दोन्ही बाजू लिहा, बिलाची कॉपी शेजारी लावा आणि खाली दोघांची सही घ्या. काकांनी बिल हातात घेऊन नीट वाचलं, परत दिलं आणि म्हणाले हे बिल उशिरा बनवलेलं असणार. त्यांची सही अजून बाकी आहे.