तारकांच्या शब्दावर केसांचे औषध घेण्यापूर्वी

डेंग्यूतून उठल्यावर अडीच महिन्यांनी माझ्या भाचीचे केस मुठीने गळू लागले, तेव्हा इंदूरच्या राजवाड्याजवळील एका दुकानातून तिने, जाहिरातीतील अभिनेत्रीवर विसंबून, महागडे तेल आणले. चार महिन्यांत गळती थांबली आणि श्रेय तेलाला गेले. वस्तुतः मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होणारी गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआपच ओसरते. म्हणून ‘मला गुण आला’ हे वाक्य, मग ते तारकेचे असो वा शेजारणीचे, पुरावा मानू नये.

बाटली हाती घेतल्यावर ठळक दाव्याखालची बारीक ओळ वाचावी. ‘केसगळती कमी’ या शब्दांखाली पुष्कळदा ‘केस तुटल्यामुळे होणारी’ अशी पुस्ती असते. तुटणे आणि मुळापासून गळणे यांतला फरक घरीच कळतो: कंगव्यातले काही केस काळ्या कापडावर ठेवावेत, ज्याच्या एका टोकाला पांढरट गाठ दिसेल तो मुळापासून आलेला, आणि अशा गळतीवर केसांना गुळगुळीत करणारा शांपू उपाय नव्हे. दिवसाकाठी 50 ते 100 केस जाणे स्वाभाविकच आहे.

पडद्यावरचा घनदाट केशसंभार टोपाचा, जोडकेसांचा किंवा रोपणाचाही असू शकतो, हे लक्षात ठेवावे. आनुवंशिक टकलावर डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाचा उपयोग सिद्ध झाला आहे, परंतु परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवले की लाभही ओसरतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. मग पंधरा दिवसांत टक्कल झाकण्याच्या वचनावर विश्वास कसा ठेवावा? शिवाय औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत टक्कल समाविष्ट असल्याने, ते बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही.

2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरात करणाऱ्या व्यक्तीने दाव्याची आधी खातरजमा करणे बंधनकारक आहे. दिशाभूल झाल्यास तिलाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केरळमध्ये त्रिशूरच्या ग्राहक न्यायालयाने एका अभिनेत्याला दंड केला, कारण ज्या क्रीमची त्याने जाहिरात केली ते त्याने स्वतः वापरलेच नव्हते. आपली फसवणूक झाली असेल, तर बिल आणि जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवावे व 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

मात्र गळती सहा महिन्यांहून अधिक टिकली किंवा डोक्यावर गोल चट्टे पडले, तर तेल बदलत बसू नये, इंदूरच्या सरकारी एम. वाय. रुग्णालयातील त्वचारोग विभागात दाखवावे आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) व थायरॉइडच्या तपासण्यांविषयी विचारावे.