शेजारच्या पेशीला विष टोचणारे बॅक्टेरिया: टी६एसएसचा किलिंग एक्सपेरिमेंट नीट कसा करायचा

मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घेतला असेल तर खरंच सुंदर निवड आहे. टाइप सिक्स सिक्रीशन सिस्टिम (टी६एसएस, थोडक्यात टी६) म्हणजे बॅक्टेरियाची शेजाऱ्याला विष टोचणारी यंत्रणा. हे नाव २००६ मध्ये कॉलराच्या बॅक्टेरियावरच्या कामातून आलं, पण तुम्ही कॉलराच्या मागे लागू नका, असिनेटोबॅक्टर बायलाय एडीपी१ घ्या, तो रोगकारक नाही आणि त्याची टी६ साध्या एलबी मीडियातही (लॅबमध्ये बॅक्टेरिया वाढवायचं नेहमीचं अन्न) चालू असते. प्रे, म्हणजे मारला जाणारा बॅक्टेरिया, म्हणून लॅबमधला साधा ई. कोलाय.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. एचसीपी प्रोटीनची नळी, तिच्या टोकाला व्हीजीआरजी आणि पीएएआर या प्रोटीनचं टोकदार टोपण, आणि सगळ्याभोवती स्प्रिंगसारखं ताणलेलं आवरण. ते आवरण काही मिलिसेकंदात आकसतं आणि नळी टॉक्सिनसकट शेजारच्या पेशीत घुसते. कुठलं टॉक्सिन पेशीभित्तिका तोडतं, कुठलं मेम्ब्रेन, कुठलं डीएनए. स्वतःच्या बहिणी मरत नाहीत कारण त्यांच्याकडे प्रत्येक टॉक्सिनवर इम्युनिटी प्रोटीन असतं. नळीची पोच फार लांब नसते, पेशी एकमेकींना चिकटलेल्या लागतात, आणि पुढचं सगळं यावरच ठरतं.

दोन्ही कल्चर ओव्हरनाइट वाढवा, सकाळी फ्रेश मीडियात डायल्यूट करून वाढीच्या जोमात असतानाच घ्या, सेंट्रिफ्यूज करून धुवा म्हणजे अँटिबायोटिक उरत नाही, मग दोन्हींची ओडी (गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) सारखी करा. किलर (एडीपी१) १० भाग, प्रे १ भाग. मिश्रण दाट पाहिजे, पातळ केलंत तर पेशी लांब लांब पडतात आणि किलिंग दिसतच नाही. अँटिबायोटिक नसलेल्या एलबी अगरवर ५ मायक्रोलिटरचा ठिपका टाका, पूर्ण सुकू द्या, ३७ डिग्रीला ३-४ तास ठेवा. मग ठिपका खरवडून १ मिली बफरमध्ये मिसळा, दहा-दहा पट डायल्यूशन करा आणि ज्या अँटिबायोटिकवर फक्त प्रे वाढतो त्या प्लेटवर टाकून कॉलन्या मोजा.

इथे एक गोष्ट नीट सांभाळा. एडीपी१ बाहेरचा डीएनए सहज आत घेतो, मेलेल्या प्रेचा सुद्धा. प्रेचा अँटिबायोटिक रेझिस्टन्स प्लास्मिडवर (क्रोमोसोमबाहेरचा छोटा डीएनए) ठेवलात तर तो किलरकडे जाऊ शकतो आणि तुम्ही किलरच्या कॉलन्या प्रे म्हणून मोजत बसाल, त्यामुळे रेझिस्टन्स क्रोमोसोमवरच हवा, कॅनामायसिनचा चालतो.

आणि कंट्रोल, यात प्लीज कंजुषी करू नका. नुसता प्रे कमी झाला म्हणजे टी६ने मारला असं होत नाही, अन्न संपूनही तो कमी वाढतो. एचसीपी काढलेला किलरचा म्यूटंट त्याच प्रमाणात मिसळून लावा, तो अन्न तेवढंच खातो पण टोचू शकत नाही. दुसरा कंट्रोल म्हणजे खाली प्रे, वर ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, त्यावर किलर. बाहेर सोडलेलं विष फिल्टरमधून झिरपेल पण पेशी जाणार नाहीत, म्हणजे फिल्टर लावल्यावर प्रे वाचला तर स्पर्श लागतो हे कळलं. प्रे एकटा असलेला ठिपकाही हवाच.

आकडे लॉग स्केलवर काढा. समजा म्यूटंटसोबत प्रे १ कोटी उरला आणि नॉर्मल किलरसोबत १० हजार, तर फरक हजारपट, म्हणजे ३ लॉग. एकाच कल्चरचे तीन ठिपके म्हणजे तीन रेप्लिकेट (स्वतंत्र पुनरावृत्त्या) नाहीत, वेगवेगळ्या दिवशी नव्या कॉलनीपासून कल्चर वाढवून करा.