१७१२ सालच्या स्वीडनमधील तारखा कशा वाचाव्यात

स्वीडनमधील जुन्या चर्चच्या नोंदवहीत ३० फेब्रुवारी १७१२ अशी तारीख आढळली, तर ती लेखनिकाची चूक समजून २९ फेब्रुवारी किंवा १ मार्च अशी दुरुस्त करू नये. तो दिवस खरोखरच उजाडला होता आणि त्या दिवशी शुक्रवार होता. स्वीडनमध्ये आणि त्या काळी स्वीडनच्याच राज्यात असलेल्या फिनलंडमध्ये १७१२ हे वर्ष ३६७ दिवसांचे झाले. या वर्षाची, तसेच त्याआधीच्या बारा वर्षांची तारीख आजच्या दिनदर्शिकेत अचूक बसवणे अवघड नाही; मात्र त्यासाठी हा गोंधळ कसा निर्माण झाला, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

कॅथलिक देशांनी १५८२ पासून ग्रेगोरियन दिनदर्शिका, म्हणजे आज आपण वापरतो तीच, स्वीकारायला सुरुवात केली, तेव्हा प्रोटेस्टंट स्वीडन जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवरच राहिला. १७०० मध्ये शेजारच्या डेन्मार्क-नॉर्वेने १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च ही तारीख घेऊन एका उडीत बदल पूर्ण केला. स्वीडनने मात्र संथ मार्ग निवडला. १७०० ते १७४० या काळात येणारे अकरा लीप दिवस, म्हणजे २९ फेब्रुवारी, एकेक करून गाळायचे आणि चाळीस वर्षांनी ग्रेगोरियन दिनदर्शिकेशी जुळवून घ्यायचे, अशी ती योजना होती. त्यानुसार १७०० चा २९ फेब्रुवारी गाळला गेला. पण त्याच वर्षी स्वीडन विरुद्ध रशिया, डेन्मार्क आदी शेजारी असे उत्तरेचे महायुद्ध पेटले आणि १७०४ व १७०८ मधले लीप दिवस गाळायचे राहूनच गेले. परिणामी स्वीडनची तारीख ज्युलियन तारखेच्या एक दिवस पुढे आणि ग्रेगोरियन तारखेच्या दहा दिवस मागे अशी अधांतरी राहिली. अशी तारीख दुसरा कोणताही देश वापरत नव्हता. १७०९ मध्ये पोल्टाव्हा येथे रशियाकडून झालेल्या पराभवानंतर ओटोमन साम्राज्यातील बेंडर येथे आश्रयाला असलेल्या राजा बाराव्या चार्ल्सने १७११ मध्ये ही योजना सोडून ज्युलियन दिनदर्शिकेकडे परतण्याचे ठरवले. १७०० मध्ये गाळलेला दिवस परत करणे त्यासाठी आवश्यक होते. १७१२ हे मुळातच लीप वर्ष असल्याने २९ फेब्रुवारी होताच, त्यापुढे ३० फेब्रुवारी जोडला गेला.

तारीख बदलताना पहिला प्रश्न असा विचारावा की, ती कोणत्या कालखंडात पडते. स्वीडिश तारीख १ मार्च १७०० ते ३० फेब्रुवारी १७१२ यांच्या दरम्यानची असेल, तर ग्रेगोरियन तारखेसाठी तिच्यात दहा दिवस मिळवावेत आणि ज्युलियन तारखेसाठी एक दिवस वजा करावा. १ मार्च १७१२ पासून १७ फेब्रुवारी १७५३ पर्यंतच्या तारखा शुद्ध ज्युलियन आहेत. त्यांत अकरा दिवस मिळवावेत. १७५३ मध्ये स्वीडनने अखेर १७ फेब्रुवारीनंतर १ मार्च घेतला, म्हणून त्यापुढे काहीच मिळवायचे नाही. सतराव्या शतकातील, म्हणजे १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या तारखांनाही दहा दिवसच लागतात, कारण ग्रेगोरियन दिनदर्शिकेनेही १७०० चा लीप दिवस वगळला होता आणि त्यामुळे दोहोंतले अंतर वाढले नाही. १७५३ पूर्वीच्या तारखांसाठी प्रत्यक्ष व्यवहारात लक्षात ठेवायची सीमारेषा म्हणूनच एकच उरते, ती १७१२ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या मधली.

बेरीज करताना महिना ग्रेगोरियन दिनदर्शिकेतील लांबीचा धरावा. ग्रेगोरियन फेब्रुवारी १७१२ एकोणतीस दिवसांचा होता. त्यामुळे स्वीडनचा २९ फेब्रुवारी म्हणजे ग्रेगोरियन १० मार्च, ३० फेब्रुवारी म्हणजे ११ मार्च आणि स्वीडनचा १ मार्च म्हणजे १२ मार्च. तारखा सलग येतात, मधे एकही दिवस निसटत नाही आणि एकही दोनदा मोजला जात नाही. आपले गणित बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी हे तीन दिवस आधी स्वतः कागदावर मांडून पाहावेत.

दोन तारखांमधील अंतर काढताना मात्र अधिक सावध राहावे लागते. समजा, एका मुलाचा जन्म २५ फेब्रुवारी १७१२ रोजी आणि बाप्तिस्मा २ मार्च रोजी नोंदलेला आहे. नेहमीच्या लीप वर्षाच्या सवयीने मोजल्यास सहा दिवस येतात. खरे अंतर सात दिवसांचे आहे. दोन्ही दिवस रविवार होते, म्हणजे मूल बरोबर एका आठवड्याचे असताना त्याचा बाप्तिस्मा झाला. मृत्यूच्या नोंदीत दिलेल्या वयावरून जन्मतारीख मागे मोजत काढणाऱ्यांनी हा एक दिवस विसरू नये. संगणकाची बहुतेक साधने ३० फेब्रुवारी ही तारीख नाकारतात, त्यामुळे तिची ग्रेगोरियन जोडतारीख भरून मूळ तारीख टिपणाच्या रकान्यात जशीच्या तशी लिहून ठेवणे, हाच मार्ग सर्वांत सुरक्षित आहे.

वार हा या कामातला सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. तारखा पुढेमागे झाल्या, तरी सात वारांची साखळी कधीच तुटली नाही. स्वीडनमध्ये १७१२ ची सुरुवात सोमवारी झाली आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पाच गुरुवार व पाच शुक्रवार आले. कागदावर तारखेबरोबर वार दिलेला असेल, तर आधी ग्रेगोरियन तारीख काढावी, तिचा वार पाहावा आणि दोन्ही जुळतात का, हे तपासावे. एका दिवसाचा फरक पडला, तर ती तारीख बहुधा दुसऱ्या दिनदर्शिकेतली असते.

यावरूनच दुसरा प्रश्न येतो, तो म्हणजे कागद कोणी लिहिला. पोल्टाव्हाची लढाई स्वीडिश कागदांत २८ जून १७०९ ला, रशियन कागदांत २७ जूनला आणि ग्रेगोरियन गणनेत ८ जुलैला, सोमवारी झाली. स्वीडिश तारीख ज्युलियन समजून तिच्यात अकरा मिळवले, तर ९ जुलै हाती येतो आणि लढाई एक दिवस पुढे सरकते. हेल्सिंगबोर्गची १७१० ची लढाई स्वीडनच्या लेखी २८ फेब्रुवारीची, तर डेन्मार्कच्या लेखी १० मार्चची आहे. १७१२ च्या अखेरीस स्वीडिश सेनापती मॅग्नस स्टेनबॉकने गाडेबुश येथे डेन्मार्क आणि सॅक्सनीच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हा स्वीडनची तारीख ९ डिसेंबर आणि डेन्मार्कची २० डिसेंबर होती. एकाच वर्षातील दोन स्वीडिश तारखांना वेगवेगळा फरक लागतो, ही गोष्ट या लढाईची तारीख जानेवारी १७१२ मधल्या एखाद्या पत्राशी जुळवताना ध्यानात ठेवावी.

छापील चरित्रांत आणि वंशावळींत दिलेल्या तारखा तर आणखी बारकाईने पाहाव्यात, कारण त्या आधीच कोणीतरी बदललेल्या असू शकतात. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांचा जन्मदिवस आज २३ मे १७०७ असा दिला जातो. ती ग्रेगोरियन तारीख आहे. स्वीडनमध्ये त्या दिवशी १३ मे होता आणि ज्युलियन गणनेत १२ मे. याउलट बाराव्या चार्ल्सचा मृत्युदिन सर्रास ३० नोव्हेंबर १७१८ असा, म्हणजे त्या वेळच्या स्वीडिश तारखेनेच सांगतात. ग्रेगोरियन गणनेने तो ११ डिसेंबर होतो. तयार तारखेत आंधळेपणाने दहा किंवा अकरा मिळवणारा माणूस लिनियसला जूनमध्ये नेऊन ठेवील. माझ्या मते, मूळ तारीख न देता फक्त बदललेली तारीख छापणे हा वाचकावरचा अन्यायच आहे, कारण ती पडताळण्याचा मार्गच त्याच्यासाठी बंद होतो.

म्हणून शक्य तिथे मूळ नोंदवहीच उघडावी. १६८६ च्या चर्च कायद्याने पाद्र्यांवर जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन घातले होते आणि स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने अशा नोंदवह्यांच्या प्रतिमा इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. स्वतःच्या टिपणात कागदावरची तारीख आधी लिहावी, तिच्यापुढे ती कोणत्या दिनदर्शिकेतली आहे याचा उल्लेख करावा आणि शेवटी ग्रेगोरियन तारीख द्यावी, उदाहरणार्थ, ‘३० फेब्रुवारी १७१२, स्वीडिश, ११ मार्च १७१२, ग्रेगोरियन, शुक्रवार’. दिनदर्शिका निश्चित करता येत नसेल, तर तसे स्पष्ट नमूद करून मूळ तारीख तेवढीच ठेवावी.