डॉक्टर गोठ्यात येतात तेव्हा: या चुका टाळा

जनावरांच्या डॉक्टरांकडे पाच-सहा गावं असतात. तुमच्या गाईपाशी ते अर्धा तास थांबतील. बाकीचे साडेतेवीस तास तिला पाहणारे तुम्ही. त्यामुळे उपचार चुकतो तो पुष्कळदा ते येण्याआधीच.

पहिली चूक फोनवरची. "गाय खात नाही, लवकर या" एवढ्यावरून डॉक्टरांना पेटीत काय घ्यायचं ते कळत नाही. कधी व्यायली, रवंथ कधीपासून बंद, शेण-लघवी केली का, ताप किती, हे सांगा. थर्मामीटर गुदद्वारात घालण्याआधी त्याला दोरी आणि चिमटा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लावा, नाहीतर थर्मामीटर आत ओढला जातो. टोक शेणात न रुतवता आतड्याच्या भिंतीला टेकवा आणि दोन मिनिटं ठेवा. गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट असतं.

आधी दिलेलं औषध लपवू नका. तापाचं इंजेक्शन आधीच टोचलं असेल तर डॉक्टरांना ताप दिसणारच नाही. रिकामी बाटली जपून ठेवा. घरात जुनं डायक्लोफिनॅक पडलं असेल तर ते जनावराला देऊच नका. गिधाडांवर होणाऱ्या परिणामामुळे जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे.

सगळ्यात महागात पडते ती बसलेल्या गाईला तेल पाजण्याची घाई. नुकतीच व्यायलेली गाय, मान कुशीकडे वळलेली, कान गार: हा बहुधा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गार पडतं, कारण रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. अशा गाईला नीट गिळता येत नाही. नाळीने (औषध पाजायच्या नळकांड्याने) ओतलेलं तेल श्वासनळीत जातं आणि कॅल्शियमने उठलेली गाय पुढे फुफ्फुसाच्या सुजेने जाते. डॉक्टर येईपर्यंत तोंडात काही घालू नका. ती कुशीवर आडवी पडली असेल तर छातीवर बसती करा आणि दोन्ही बाजूंना भुसकटाची पोती लावा. आडवी राहिली तर पोट फुगतं.

दुग्धज्वरात कॅल्शियमच्या सलाईनची बाटली धरायचं काम तुमच्याकडे येतं. हात उंच केला की धार वाढते आणि "लवकर संपली" म्हणून बरं वाटतं. पण कॅल्शियम शिरेतून भरभर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून गाय जागीच जाऊ शकते. ४५० मिलीच्या बाटलीला दहा ते वीस मिनिटं लागू द्या. डॉक्टरांचा हात तिच्या छातीवर असतो तो ठोके पाहायला. "खाली घ्या" म्हटलं की लगेच खाली. थंडीत बाटली आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा. गाईने ढेकर दिला, शेण टाकलं, नाकपुडी ओलावली की औषध लागू पडलं समजा. नंतरचा एक दिवस कास पूर्ण रिकामी करू नका.

बांधताना सुरगाठ मारा. निरगाठीला जनावर लोळलं की विळा शोधत बसावं लागतं. दावं गळ्याला सरकफासाने कधीच नको. खोडा (जनावर अडकवून उभं करायची चौकट) नसेल तर दोन झाडांमध्ये आडवा बांबू बांधा. तपासताना डॉक्टरांचा हात गाईच्या आत असताना गाय एका बाजूला सरकली तर हात मुरगळतो, म्हणून एक माणूस पुट्ठ्याला टेकून उभा हवा. बघे बाहेर काढा.

व्यायल्यावर वार (गर्भाची पिशवी) लोंबत असेल तर तिला वीट बांधू नका, ओढू नका. तुकडा आत राहतो, गर्भाशय सडतं, पुढचं वेत लांबतं. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना कळवा.

कृत्रिम रेतनासाठी सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा. म्हशीचा माज मुका असतो, म्हणजे बाहेरून फारसा दिसत नाही, तिथे बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) आणि मागच्या माजाची तारीखच उपयोगी. रेतनानंतर एकवीस दिवसांनी उलटली का, म्हणजे पुन्हा माजावर आली का, तेही लिहून ठेवा.

जाताना एक प्रश्न विचाराच: या औषधानंतर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही? प्रतिजैविकाची नळी एकाच सडात सोडली असली तरी त्या मुदतीत चारही सडांचं दूध डेअरीला नको.