विद्यार्थ्यांची माहिती जुळवताना

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे येतात, आणि इथं ‘पाटील’ शोधलं की यादी संपत नाही. म्हणून प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती यांच्या फायली नावावर नव्हे, पीआरएनवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकावर जोडा.

एक्सेलमध्ये आधी क्रमांकाचा स्तंभ ‘टेक्स्ट’ करा, मगच आकडे भरा. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात. १२ अंकी अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) १.२३ई+११ असा दिसतो, आणि तसाच सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या फाईलमध्ये) सेव्ह झाला की मूळ आकडे गेलेच.

जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली नावं आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षर-संकेतात आणा. नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. ऐशे (उच्च शिक्षणाचं देशव्यापी सर्वेक्षण) आणि नॅक (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) यांना पाठवलेली प्रत तारीख घालून कुलूपबंद ठेवा. दुरुस्ती मात्र मूळ नोंदीतच, आणि ती एकाच विभागानं करावी.