जुना छोटा ट्रॅक्टर उभा करताना: आधी माप, मग पाना, रंग शेवटी

जुना ट्रॅक्टर बघायला गेलात की आधी सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा. त्यावर उलटा डबा घातलेला असेल तर मालकाला यंत्राची कदर आहे, पुढचं बोलणं करायला हरकत नाही. तोंड उघडं ठेवून ट्रॅक्टर काही पावसाळे वाडीत उभा असेल तर पाणी सरळ एक्झॉस्ट व्हॉल्वपर्यंत गेलेलं असतं, आणि इंजिन थांबताना तो व्हॉल्व उघडा राहिला असेल तर बोअरमध्येही, म्हणजे पिस्टन चालतो त्या नळीत. अशा ट्रॅक्टरला किल्ली लावून बघण्याचा आग्रह विकणारा करतो. "बेन, एक वार सेल्फ तो मारो." मारू नका आणि कुणाला मारू देऊ नका. बोअरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आमचं बडोद्याला मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) लेथचं वर्कशॉप आहे. आठवडाभर लोकांचे शाफ्ट आणि बुश करते, आणि रविवारी मागच्या शेडमध्ये भाच्याबरोबर जुने छोटे ट्रॅक्टर उघडून बसते. परदेशात बंगल्यामागच्या बागेसाठी वेगळे चिमुकले ट्रॅक्टर मिळतात. आपल्याकडे ते काम चिकू-पेरूच्या ओळींतून वळणाऱ्या २५ हॉर्सपॉवरच्या आसपासच्या ट्रॅक्टरांनी केलं. नवशिक्याला मी दोनच नावं सांगते. एक, जुना एकसिलिंडरी एअरकूल्ड आयशर. मूळ जर्मन आयशरच्या आराखड्यावर फरिदाबादला १९५९ पासून ट्रॅक्टर बनू लागले, त्या घराण्यातला. दुसरा एचएमटीचा २५११, झेकोस्लोव्हाकियाच्या झेटोरचा. एचएमटीने पिंजोरला १९७१ मध्ये ट्रॅक्टरची सुरुवात केली ती याच्यापासून.

झेटोरचा बडोद्याला एक खास फायदा आहे. विश्वामित्रीजवळच्या हिंदुस्थान ट्रॅक्टर्सची यंत्रंही झेटोर जातीचीच होती. तो कारखाना १९७८ मध्ये गुजरात सरकारकडे जाऊन गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झाला आणि १९९९ मध्ये महिंद्रकडे वळला. तिथे हयात घालवलेले फिटर शहरात अजून भेटतात. अशा एखाद्या काकांना चहाला बोलवा आणि वही घेऊन बसा. छापील मॅन्युअलमध्ये नसलेलं बरंच काही त्यांच्या बोटांत आहे, आणि ते लिहून घेणारं कुणी नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैसे देण्याआधी आरसी बुकातले इंजिन नंबर आणि चासी नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. नंबरावर ग्रीस आणि रंगाची पुटं असतात, ती रॉकेलने पुसा, खरवडू नका. जुने ट्रॅक्टर बहुतेक कर्जावर घेतलेले. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ विकणाऱ्याकडूनच घ्या, नंतर त्याचा मुलगाही फोन उचलत नाही. नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग दर ५ वर्षांनी आरटीओत नूतनीकरण, हे झालंय का तेही बघा.

बडोद्याच्या आसपास घेत असाल तर आणखी एक तपासणी आता करावीच लागते. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात बुडालेली यंत्रं धुऊनपुसून बाजारात आलेली आहेत. हेडलाइटच्या वाटीत आतून आणि डायनमोच्या मागच्या जाळीत बोट फिरवून बघा, तिथला बारीक करडा गाळ कुणी धूत नाही. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत आहे. बुडालेला ट्रॅक्टर घेऊ नये असं मी म्हणत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक अशी सगळी तेलं किल्ली लावण्याआधी काढायची, डिझेलने धुवायचं, स्वस्त तेल भरून थोडा वेळ चालवायचं, तेही गरम असताना काढून टाकायचं आणि मग खरं तेल. हा खर्च किमतीतून कापून घ्या, इतकंच.

ट्रॅक्टर घरी आला की पहिल्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. फोटो काढा, विशेषतः वायरिंग, पंपाचे पाइप आणि लिव्हरच्या जोडण्यांचे. मग इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरखाली ट्रे ठेवून ड्रेन बोल्ट अगदी सावकाश, धाग्याधाग्याने सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी तेच येतं. नुसतं काळं तेल आलं तर छान. आधी पाणी आलं आणि ट्रॅक्टर २५११ असेल तर लायनरखालच्या (लायनर म्हणजे बोअरची बदलता येणारी बाही) रबरी रिंगांवर पहिला संशय घ्या, कारण त्यात लायनरच्या बाहेरून पाणी खेळतं. आयशरला रेडिएटरच नाही, त्यामुळे तिथे पाणी आलं म्हणजे ते पावसाचं किंवा पुराचं.

इंजिन जाम असेल तर घाबरू नका, बहुतेक सुटतं. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल काढा. त्या भोकातून ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं मिसळून पिस्टनवर ओता. हे मिश्रण पेट घेतं, म्हणून शेड उघडी हवी आणि बिडी-सिगारेट फाटकाबाहेर. आठवडाभर रोज थोडं थोडं ओतत राहा. मग वरचा गिअर टाकून दोघांनी मागचं चाक पुढे-मागे हलकं डोलवायचं. केसभर जरी हललं तरी त्या दिवशी तिथेच थांबा, पुन्हा तेल ओता. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढणं हा प्रकार मी माझ्या शेडमध्ये चालू देत नाही.

आता डिझेलचा मार्ग. टाकी उतरवून आत टॉर्च मारा. बुडाशी काळा चिकट गाळ आणि गंज दिसेल. टाकीत रॉकेल आणि मूठभर जुने नट टाकून गदागदा हलवा, नट मोजून टाका आणि मोजून काढा. फिल्टर नवे घाला. रबरी नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी बदला, जुनी नळी डिझेल गळू न देताही हवा आत ओढते. नोझल टेस्टिंगला द्या. फवारा कधी हातावर घेऊन बघू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि मामला हॉस्पिटलपर्यंत जातो.

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पहिल्यांदा इंजिन चालू करताना जीवावर बेतणारी गोष्ट हीच. डिझेल इंजिनला स्पार्क नसतो, म्हणून किल्ली फिरवून ते बंद होत नाही. त्याला किती डिझेल द्यायचं ते डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे आतली सरकती पट्टी, ठरवतो. वर्षानुवर्षं उभ्या ट्रॅक्टरच्या पंपात डिझेल सुकून लाखेसारखा थर धरतं आणि रॅक आहे त्या जागी चिकटतो. तो पूर्ण उघडा चिकटला असेल तर चालू झालेलं इंजिन वेग वाढवत पळत सुटतं, आणि ॲक्सिलरेटर, स्टॉप लिव्हर काहीही त्याला रोखू शकत नाही. म्हणून आधी रॅकपर्यंत पोचा. बहुतेक पंपांत बाजूची झाकणपट्टी उघडली की तो दिसतो. बोटाने सरकवा. लोण्यासारखा सरकला आणि स्टॉप लिव्हर ओढल्यावर बंद बाजूला गेला तरच पुढे जा. अडखळत असेल तर डिझेल आणि पातळ तेल सोडून भिजू द्या. तरी सुटला नाही तर पंप काढून पंपवाल्याकडे द्या, पक्कड लावून ओढू नका.

एअर क्लीनर ऑइल बाथचा असेल तर वाटीतलं तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि त्याच तेलावर पळतं. आणि पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा पाइप काढून, इनटेकचं तोंड पूर्ण झाकेल अशी गुळगुळीत लाकडी फळी घेऊन एक माणूस तिथे उभा करा. इंजिन पळालं की फळी तोंडावर दाबायची, हवा बंद झाली की ते मरतं. हात किंवा फडकं लावायचं नाही, दोन्ही आत ओढली जातात. आमच्याकडे ही फळी भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते आणि भाचा ती हातात घेतल्याशिवाय मी सेल्फला बोट लावत नाही.

हवा काढायची पद्धत सोपी आहे. फिल्टरचा हवेचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहा, बुडबुडे संपून अखंड डिझेल आलं की कसा. मग पंपाचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलकडच्या पाइपाचा नट सैल ठेवून इंजिन फिरवा, तिथे डिझेल झटक्याझटक्याने आलं की नट कसा. नवं तेल भरलेलं असू द्या, आणि आधी स्टॉप लिव्हर ओढून थोडं फिरवून ऑइल प्रेशर येतंय का बघा.

इंजिन चालू झालं, निळा धूर निघाला, की मिस्त्री म्हणतो, "बोअर करून टाकू," म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करू. थांबा. इंजिन गरम करून थोडं काम करू द्या, पुष्कळदा पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा मोकळ्या होतात आणि धूर कमी होतो. तरी धूर राहिला तर हेड उघडा आणि मापा. आजोबा कलाभवनात शिकलेले, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या शाळेत. "माप घेतल्याशिवाय मत देऊ नये" हे घरात त्यांच्यापासून चालत आलंय आणि मी ते पाळते. बोअर गेज तीन उंचींवर लावा, प्रत्येक उंचीवर क्रँकच्या रेषेत एकदा आणि आडवं एकदा. सर्वांत जास्त झीज वर, पहिली रिंग जिथून परत फिरते तिथे, आणि आडव्या दिशेत सापडेल. मग नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून, पिस्टननेच खाली ढकलून, तिच्या तोंडाची फट फिलर गेजने बघा. १०० मिमी बोअरला साधारण ०.३ ते ०.४ मिमी असावी. बोअर मापात असेल तर नुसत्या रिंगा आणि व्हॉल्व ग्राइंडिंगवर काम भागतं. मूळ लायनर आणि मूळ पिस्टन वाचले तर वाचवाच, नवे राजकोटला बनतात आणि मिळतातही, पण त्या काळच्या ओतकामाचा तुकडा एकदा भंगारात गेला की गेला.

पान्यांबद्दल एक सूचना. आयशर आणि झेटोर दोन्ही मेट्रिक. इंटरनॅशनल बी-२७५ किंवा जुना मॅसी घेतलात तर तिथे इंची आटे असतात. जवळपास बसतोय म्हणून मिलिमीटरचा पाना त्यावर चालवलात तर बोल्टाची डोकी गोल होतील.

एकसिलिंडरी आयशर घेतला असेल तर पंख्याभोवतीचे पत्रे जागेवर आहेत का बघा. नोझल काढताना आड येतात म्हणून मिस्त्री ते कायमचे काढून ठेवतात, पुढे ते हरवतात. ते पत्रेच हवेला सिलिंडरच्या पात्यांमधून फिरवतात. नसतील तर नव्या पत्र्यात कापून घ्या, आणि पात्यांमधला भुसा व तेलकट माती ब्रश आणि रॉकेलने दर हंगामाला काढा.

क्लच फ्लायव्हीलला चिकटलेला असेल तर पेडल दाबून मध्ये लाकूड अडकवून ठेवा, न्यूट्रलमध्ये इंजिन गरम होऊ द्या, पुष्कळदा तेवढ्याने सुटतो. ब्रेक पूर्ण झाल्याशिवाय ट्रॅक्टर शेडबाहेर काढू नका. मागची अवजारं फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टवर झाकण हवंच, आणि ओढणी किंवा साडीचा पदर त्याच्या आसपास नको. मी काम करताना कायम ओव्हरऑल घालते.

रंगाची घाई सगळ्यांना असते. मूळ छटा हवी असेल तर टूलबॉक्सच्या मागे, बॅटरीच्या पेटीखाली किंवा नावाच्या पट्टीमागे बघा, उन्हाने न मारलेला रंग तिथे मिळतो. गंज काढायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावता येतो: भाग निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साधं लोखंड. स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. नावाच्या आणि नंबरांच्या पट्ट्यांना मात्र हा विधी नको, त्या नुसत्या पुसून जपा.

चालता झाला की महिन्यातून एकदा तो कामाला लावा. नुसता पाच मिनिटं भुकभुक करून बंद केलात तर चेंबरमध्ये ओल धरते आणि तेल खराब होतं. बांधावरून फिरवा, लोखंडी नांगर ओढू द्या, इंजिन पुरतं तापू द्या. ग्रीस निपल किती आणि कुठे ते शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, लपलेलं एखादं कायम राहून जातं. पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत घाम धरणार नाही, चाकांखाली फळ्या द्या, सायलेन्सरवर डबा घाला. आणि दर वेळी ट्रॅक्टर उभा केला की बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. जुन्या डायनमोच्या कट-आउटचे (बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट कधी कधी चिकटून राहतात, मग बॅटरी उलट डायनमोतच रिकामी होते आणि वायरिंग जळतं.