राज्यातील वर्षभराच्या वीजखंडनाचा हिशेब कसा मांडावा

महाराष्ट्रात एखाद्या वर्षी वीज किती वेळा आणि किती वेळ गेली याचा हिशेब मांडताना घटनांऐवजी ग्राहक मोजावेत. कारण एक डीपी (गल्ली-वस्तीला वीज देणारे रोहित्र) बंद पडली तर काही घरे अंधारात जातात आणि 33/11 केव्हीचे उपकेंद्र बंद पडले तर हजारो, पण नोंदवहीत दोन्हींची ओळ एकेकच असते. वीज अधिनियम 2003 च्या कलम 59 नुसार वितरण कंपन्यांनी आपल्या सेवेच्या पातळीची माहिती राज्य विद्युत नियामक आयोगाला द्यायची असते. सुरुवात तेथून करावी.

प्रत्येक खंडनाची सुरुवात, शेवट आणि बाधित ग्राहकसंख्या टिपावी. समजा, 1,000 ग्राहकांपैकी 400 ग्राहकांचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) 90 मिनिटे बंद राहिला, तर 36,000 ग्राहक-मिनिटे झाली. त्यांना 1,000 ने भागल्यावर 36 मिनिटे हा ‘सैडी’ (दर ग्राहकामागे सरासरी किती वेळ वीज गेली) निर्देशांक मिळतो आणि 400 ला 1,000 ने भागल्यावर 0.4 हा ‘सैफी’ (दर ग्राहकामागे सरासरी किती वेळा गेली). मात्र त्यांतील 250 ग्राहकांना शेजारच्या फीडरवरून 20 मिनिटांतच वीज मिळाली असेल, तर दोन्ही गटांची मिनिटे स्वतंत्र धरावीत: 250 ग्राहकांची 5,000 आणि उरलेल्या 150 ग्राहकांची 13,500. हे न केल्यास हिशेब जवळजवळ दुपटीने फुगतो, आणि चूक बहुधा इथेच होते.

यानंतर कारणांचा रकाना भरावा. उन्हाने तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर (खांबावर तार अलग धरणाऱ्या वीजरोधकावर) पहिला पाऊस पडला की त्याला तडा जातो, आणि फीडर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. जूनमधील अशा नोंदी ‘पाऊस’ या मोघम शब्दाखाली टाकू नयेत, कारण हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. देखभालीसाठी परमिट (काम करण्याची परवानगी) घेऊन केलेला बंद वेगळा लिहावा.

असाधारण दिवसांसह आणि त्यांच्याशिवाय असे दोन आकडे काढावेत. 2020 मध्ये 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतील खांब आडवे केले, तर 12 ऑक्टोबरला पारेषण यंत्रणेतील बिघाडाने मुंबई महानगर ठप्प झाले. हे दिवस मिसळले, तर उरलेल्या वर्षाचा कारभार दिसतच नाही, आणि निव्वळ वगळले तर कोकणातील ग्राहकावर अन्याय होतो.

कृषी फीडरवरील तीन-फेज पुरवठा मुळातच ठरावीक तास आणि पाळीने मिळतो. त्यामुळे त्यांचे खंडन पाळीच्या तासांपुरतेच मोजावे आणि गावठाण (गावातील घरांना वीज देणाऱ्या) फीडरच्या सरासरीत मिसळू नये.